बाबांनी भात सोडला ती थंडी

मीरा-भाईंदरच्या थंडीला थंडी म्हटलं की नाशिकची माझी जाऊ फोनवर हसते. हसू दे बापडी. तिच्याकडे दोन-दोन रजया लागतात; आमच्याकडे पंखा एकवर ठेवून पायांवर चादर ओढली की झाला हिवाळा. पण आज पहाटे दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं, तर खाली वॉचमनने कानटोपी चढवली होती, खाडीकडून गार वारा येत होता आणि जिन्यात कुणाच्या तरी घरातला मेथीच्या फोडणीचा वास अडकून राहिला होता. म्हटलं, आली एकदाची.

ऋतू बदलला की लोकांना हुरहूर लागते म्हणतात. मला थंडी आली की सुटल्यासारखं वाटतं. परीक्षा संपून वर्षं लोटली तरी एखाद्याला मार्च उलटला की हलकं वाटतं ना, तसलंच काहीतरी. वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या एका थंडीत आमच्या घराने श्वास रोखून धरला होता, आणि ती सरता सरता सोडला होता. तो सोडलेला श्वास मला दरवर्षी नव्याने मिळतो, आणि फुकटचा असल्यामुळे मी तो नाकारत नाही.

बाबा तेव्हा मुंबईत बस चालवायचे. मूळचे रत्नागिरीकडचे, गिरगावातल्या खोलीतून भाईंदर पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावर आलेले, आणि आयुष्याची बरीच वर्षं स्टिअरिंगमागे बसलेले. बसून बसून पोट असं सुटलं होतं की सीट मागे घ्यावी लागते, असं तेच हसत हसत सांगायचे. त्या वर्षी दिवाळीच्या फराळानंतर त्यांना तहान लागायला लागली. पाण्याची बाटली हातातून सुटेना. पायाच्या अंगठ्याला चप्पल चावली होती, ती जखम भरता भरेना. आईने त्यांना धरूनच दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. साखर निघाली, आणि थोडीथोडकी नाही.

आमचे डॉक्टर गुजराती. स्टेशनकडच्या गल्लीत त्यांचा दवाखाना, आणि सगळ्या दुनियेशी ते हिंदीत बोलायचे. पण बाबांवर त्यांचा जीव. बाबांशी बोलताना ते मुद्दाम, आठवून आठवून मराठी बोलायचे.

"काका, ही गोळी रोज घ्यायची. आणि बघा, गोड बंद. भात बंद. एकदम बंद. आणि चालायचं, रोज चालायचं."

बाबांनी मान डोलावली. मग ज्या प्रश्नासाठी ते आले होते तो विचारला. "डॉक्टरसाहेब, शिमग्याच्या आधी आमची मेडिकल असते. तोवर उतरेल ना?"

बाबांची धास्ती तीच होती. त्यांच्या डेपोतल्या एका जुन्या सोबत्याला साखरेपायी मेडिकलमध्ये नापास केलं होतं. नोकरी राहिली, पण गाडी गेली. आता तो डेपोच्या फाटकावर उभा राहून आत-बाहेर होणाऱ्या बसगाड्या बघायचा. बाबा सांगायचे, गाडी फाटकातून काढताना आम्ही त्याच्याकडे बघत नाही, आणि तोही आमच्याकडे बघत नाही. दुसऱ्या कुठल्या दुखण्याला बाबा घाबरले नसते. गाडी हातातून जाण्याला मात्र ते मनापासून घाबरले होते, आणि ते घाबरलेत म्हणून आई घाबरली होती.

घरी येऊन बाबांनी भात सोडला.

रत्नागिरीच्या माणसाने भात सोडणं म्हणजे काय, हे घाटावरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. आमच्यात 'जेवलात का' याचा अर्थच 'भात खाल्लात का' असा असतो. बाकी सगळं तोंडीलावणं. बाबांनी भात सोडला तो एखादं व्रत घ्यावं तसा. पहिल्या रात्री आईने कुकर लावला तेव्हा शिट्टीच्या आवाजाबरोबर ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या हंसाबेन दारात येऊन हळहळल्या, "भाईने चावल छोड दिया? अरे रे रे." गावाहून काकांचा फोन आला. काका मोठ्याने बोलायचे, त्यामुळे रिसीव्हर बाबांच्या कानाला असला तरी आम्हाला सगळं ऐकू यायचं.

"भात सोडलास? अरे, मग जेवतोस काय? वारा?"

"मनावर घेतलं की होतं, दादा," बाबा म्हणाले. आवाजात थोडा रुबाबही होता.

आता ते खायचे काय, हे सांगते. सकाळी घावणे. तव्यावर जाळीदार सुटलेले, पांढरेशुभ्र, नारळाच्या चटणीबरोबर. डब्यात भाकरी, आईच्या हातची, तांदळाच्या पिठाची, मऊ, घडी घातली तरी न मोडणारी. संध्याकाळी ड्यूटीवरून आले की पोहे. रात्री आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची आमटी. भात सोडल्यामुळे माणूस वाळायला नको म्हणून आई एक घावण जास्तच घालायची. अंगात कसकस वाटली तर वाटीभर पेज. रविवारी कोंबडी-वडे. "भाताशिवाय पोट भरतं गं," असं बाबा आईला कौतुकाने म्हणायचे, आणि आई धन्य व्हायची. घरात कुणाच्या मनात काहीही आलं नाही. भात बंद होता. कुकरमध्ये फक्त डाळ शिजत होती.

आणि चालणं. बाबांनी वीसेक वर्षांत बसस्टॉपपर्यंत सोडलं तर कुठे चालून बघितलं नव्हतं. पहिल्या दिवशी ते एकटे गेले आणि अर्ध्या वाटेवरून रिक्षाने परत आले. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "मीच येते. रिक्षाला हात केलात तर बघा." बाजारातून तिने पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. नऊवारीतून पाचवारीवर आलेली आमच्या घरातली ती पहिली बाई, आणि त्या पाचवारीखाली बूट घालणारीही पहिलीच. जिना उतरताना ती निऱ्या किंचित खाली ओढायची, बूट दिसू नयेत म्हणून. आठवडाभराने तेही सोडलं.

कॉलेज दुपारचं असल्यामुळे मीही जायचे. मिठागरांच्या बाजूने रस्ता जायचा. उजाडायच्या आत निघालो की धुकं खाडीलगतच्या खाजणावर बसलेलं असायचं, पाण्याचे चौकोन राखाडी दिसायचे, आणि मग एकदम कडेने उजेड यायचा. बांधांवर नुकतं मीठ धरायला लागलेलं. चिखलाचा वास, तिवरांचा वास, कुठेतरी शेकोटीत जळणाऱ्या टायरचाही वास. बगळे एका पायावर. बाबा चालायचे ते गाडी चालवल्यासारखे. रस्त्याची डावी बाजू सोडायची नाही. पुढे कुणी हळू चालत असेल तर आधी मागे वळून बघायचं, मग उजवा हात बाहेर काढायचा, आणि मग पुढे जायचं.

"अहो, हात कशाला दाखवताय? मागे कोण आहे?" आई विचारायची.

"कोण नसलं म्हणून काय झालं? सवय मोडू नये."

जवळच्या मुर्धा गावाहून भाजीची पाटी घेऊन येणारी एक बाई रोज समोरून यायची. तिला आमच्या तिघांच्या वरातीचं भारी नवल. एकदा तिने पाटी उतरवून आईला विचारलंच, "रोज रोज कुठं जाताव गो? तिथं तर काय न्हाय."

"परत यायला जातो," आई म्हणाली. त्यावर त्या दोघी अशा हसल्या की बगळे उडाले.

मी आता मीरा रोडला राहते. आमच्या बिल्डिंगच्या खाली काचेची जिम झाली आहे. आत माणसं पट्ट्यावर पळतात आणि बाहेरून जाणारे त्यांना बघतात. माझ्या ऑफिसात दर सोमवारी कुणीतरी काहीतरी सोडतं. कुणी साखर सोडतं, कुणी मीठ, कुणी संध्याकाळनंतरचं जेवण. सोडणाऱ्याचा चेहरा पहिले चार दिवस उजळलेला असतो. मला त्यात बाबांचा तो फोनवरचा आवाज ऐकू येतो. सोडण्यात मिरवता येतं. सवयीत मिरवता येत नाही, कारण सवय लागली की ती कुणाला दिसतच नाही, आपल्याला स्वतःलासुद्धा. माझ्या मते तब्येत सुधारते ती तिथे, जिथे कुणी टाळ्या वाजवायला उरलेलं नसतं. पण हे ऑफिसात बोललं तर मला डबा एकटीला खावा लागेल.

तर दुसऱ्यांदा रक्त तपासलं. आणि साखर जिथे होती तिथेच. होती तिथे म्हणजे, उलट केसभर वरच.

त्या दिवशी बाबा घरी आले, बूट काढले आणि गॅलरीतल्या खुर्चीत बसले. आईने चहा दिला, बिनसाखरेचा. तो निवला.

"भात सोडला," ते म्हणाले, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. "आता अजून काय सोडू?"

दुसऱ्या दिवशी ते चालायला आले, पण मिठागरापर्यंत न जाता मधूनच वळले. वळताना हात दाखवला नाही. आई माझ्याकडे बघत राहिली. घरात बोलणं कमी झालं, भांड्यांचा आवाज तेवढा वाढला. त्या फाटकावरच्या सोबत्याबद्दल बाबा आता काही सांगेनासे झाले होते, आणि त्यामुळेच ते त्याचाच विचार करताहेत हे कळायचं. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की बाबा म्हातारे होऊ शकतात. ते वाटणं मला अजिबात आवडलं नाही.

आईनेच मग ठरवलं. "डॉक्टरांकडे जायचं आणि विचारायचं. एवढं करून उतरत नाही म्हणजे काय?" तिच्या बोलण्यात असा सूर होता की जणू डॉक्टरांनी सामान नीट मोजून दिलं नाही. मीही बरोबर गेले.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, कपाळाला आठ्या घातल्या. "काका, गोळी घेता?"

"रोज."

"गोड?"

"चहातही नाही."

"भात?"

बाबा ताठ बसले. "शीतसुद्धा नाही. शपथेवर सांगतो. विचारा हिला."

"नाही हो डॉक्टर," आई म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत आहे सगळं. एक शीत नाही खाल्लं त्यांनी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग खाता काय? सकाळपासून सांगा."

"सकाळी घावणे," आई म्हणाली.

"घावणे म्हणजे काय?"

आईला बरं वाटलं. कुणी रीत विचारली की तिला बरंच वाटतं. "तांदूळ भिजवायचे, बारीक वाटायचे, सरसरीत करायचं, आणि तव्यावर—"

डॉक्टरांनी हात वर केला. "थांबा. मग डब्यात?"

"भाकरी."

"ज्वारीची?"

"छे!" बाबा दुखावले. "आम्ही काय घाटावरचे? तांदळाची."

"संध्याकाळी?"

"पोहे," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता माझ्या डोक्यात काहीतरी लखकन चमकलं. आई मात्र थांबायला तयार नव्हती. आंबोळ्या झाल्या, वडे झाले, पेजही सांगून झाली.

डॉक्टर आता मराठीत राहिलेच नाहीत. "काका! अरे काका! ये सब चावल है! सुबह चावल, दोपहर चावल, शाम को चावल!"

बाबांनी शांतपणे त्यांच्याकडे बघितलं. "चावल आहे," ते म्हणाले. "पण भात नाही."

डॉक्टर हसायला लागले. ते इतके हसले की बाहेरच्या बाकावरचा एक पेशंट आत डोकावला. आईने आधी पदर तोंडाला लावला आणि मग तीही हसायला लागली. मी तर केव्हाच सुरुवात केली होती. बाबा तिघांकडे आळीपाळीने बघत होते. हळूहळू त्यांच्याही मिशीखाली काहीतरी हललं.

मी त्या शब्दाचा पुढे खूप विचार केला. आमच्याकडे शेतात उभं असतं ते भात. भरडून, कांडून डब्यात येतो तो तांदूळ. शिजून ताटात पडतो तो पुन्हा भात. वाटला तर घावण, आंबवला तर आंबोळी, चेपला तर पोहे, आणि त्यांचं एकमेकांशी काही नातं आहे हे आमच्या जिभेवर कुठेही लिहिलेलं नाही. हिंदीत मात्र डब्यातला काय आणि ताटातला काय, सगळा चावलच. डॉक्टरांनी इतरांना सांगतात तसं बाबांना 'चावल बंद' म्हटलं असतं, तर आईने पिठाचा डबासुद्धा माळ्यावर टाकला असता. पण त्यांनी बाबांचा मान राखायला मराठी शब्द शोधला, आणि बाबांनी डॉक्टरांचा मान राखायला तो शब्द अक्षरशः पाळला. दोन सभ्य माणसांनी मिळून केलेला घोटाळा होता तो.

खरं सांगायचं तर त्या हसण्यानेच आम्ही अर्धे बरे झालो. शरीर ऐकत नाही असं जे वाटत होतं, ते खोटं निघालं. शरीर बिचारं ऐकत होतं, आम्हीच त्याला भलतं सांगत होतो. दवाखान्यातून परत येताना बाबा वडापावच्या गाडीसमोरून गेले, थांबले, आणि म्हणाले, "हा तर भात नाहीच." आईने त्यांना दंडाला धरून पुढे काढलं.

डॉक्टरांनी या खेपेला नीट समजावलं होतं. काहीही व्रत घेऊन सोडायचं नाही. तांदूळ पाव वाटीवर आणायचा, तोही भाजी-आमटीच्या मागून. आधी भाजी, उसळ, मग भाकरी. उपाशी राहायचं नाही. बसलेलं अंग मधून मधून उठवायचं. ऐकायला इतकं साधं होतं की बाबांची निराशाच झाली. कुणाला फोन करून सांगावं असं त्यात काही नव्हतं.

आईने ज्वारीचं पीठ आणलं. तिची पहिली भाकरी परातीतच फाटली, दुसरी तव्यावर. पिठाला विरी नाही, म्हणजे चिकटून राहण्याची ताकदच नाही, असं म्हणून तिने दुकानदाराशी भांडण काढलं. मग गरम पाण्यात मळून बघितलं, लहान लहान थापून बघितलं. आठ-दहा दिवसांनी एक भाकरी तव्यावर टम्म फुगली आणि तिने आम्हाला हाका मारून बोलावलं. बाबांनी तुकडा मोडला, कुळथाच्या पिठीत बुडवला, बराच वेळ चावला.

"घाटावरचे लोक वाईट नाहीत," ते म्हणाले.

थंडीच ती, भाज्यांची काय वानवा. मेथी, ओला लसूण, वालाच्या शेंगा, लाल गाजरं, तुरीच्या शेंगा. हंसाबेन उंधियू घेऊन यायच्या आणि दारातूनच ओरडायच्या, "भाई, बिनधास्त खाओ, इसमें चावल नहीं है!" आमचा घोटाळा एव्हाना तळमजल्यापर्यंत पोचला होता. बाबा त्यातले बटाटे बाजूला काढून उरलेलं खायचे. ड्यूटीवर खिशात भाजलेले चणे असायचे. शेवटच्या स्टॉपवर गाडी लागली की कंडक्टर बिडी ओढायचा आणि बाबा बसभोवती फेऱ्या मारायचे. प्रवासी विचारायचे, टायर पंक्चर आहे का? बाबा म्हणायचे, टायर बरा आहे, ड्रायव्हर तपासतोय.

संक्रांतीला आल्यागेल्याने तिळगूळ पुढे केला. नाही म्हणणं अपशकुन, घेणं कुपथ्य. बाबा लाडवावरचा एक तीळ उचलायचे, तोंडात टाकायचे आणि गंभीरपणे म्हणायचे, "गोड बोला." त्या एका तिळाकडे बघताना मला हसू यायचं. एवढा मोठा माणूस किती मुकाट्याने झुंजतोय, असंही वाटायचं.

चालणं लांबत गेलं. मिठागराच्या कडेचे मिठाचे ढीग वाढत गेले तसे आम्ही त्यांच्या पुढे, आणखी पुढे जाऊ लागलो. अंगठ्याची जखम केव्हा भरली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. आई आता बाबांच्या पुढे असायची. लग्न झाल्यापासून ती कधी बिनपिशवीची घराबाहेर पडली नव्हती, हे तिने मला तिथेच एकदा सांगितलं. मोकळे हात हलवत चालायला आधी लाज वाटली म्हणाली, आणि आता घरी बसवत नाही.

मेडिकलच्या आधी पुन्हा रक्त तपासलं. साखर उतरली होती. डॉक्टर म्हणाले, चांगली उतरली. पण डेपोचे डॉक्टर वेगळे, त्यांची तपासणी वेगळी, आणि धाकधूक काही उतरायचं नाव घेईना.

त्या दिवशी बाबा सकाळी इस्त्रीचा खाकी गणवेश घालून गेले. आमच्याकडे तेव्हा मोबाईल नव्हता. फोनजवळून आई हलली नाही, आणि फोन वाजला नाही. तिने डाळ निवडली, निवडलेली पुन्हा निवडली. मी कॉलेजला गेलेच नाही. उन्हं तापायला लागली होती. थंडी संपल्याचं त्या दुपारी पहिल्यांदा अंगाला कळलं. जिन्यावर पावलं वाजली की आम्ही दोघी ऐकायचो, आणि ती दुसऱ्याच कुणाच्या दारात थांबायची.

बाबा आले ते ऊन कलल्यावर. दार मीच उघडलं. चेहऱ्यावरून काही कळेना. घाम आलेला, तीन जिने चढून श्वास मात्र जरासुद्धा लागलेला नव्हता. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. विचारण्याचं धाडस तिला होईना आणि मलाही.

बाबांनी पाणी पिऊन पेला ठेवला.

"उद्या पहिली पाळी दिलीय," ते म्हणाले. "गाडी पहाटेच काढायचीय. डबा लवकर लागेल."

आईने मान हलवली. हो म्हणायला तोंड उघडलं, आणि तिथल्या तिथे दारातच खाली बसली. पदर डोळ्यांना लावून मोठमोठ्याने रडायला लागली. त्या अख्ख्या थंडीत तिच्या डोळ्यांतून पाण्याचा टिपूस खाली पडलेला आम्ही बघितला नव्हता. बाबा घाबरले. तिच्यासमोर उकिडवे बसले आणि तिला हलवायला लागले.

"अगं, पास झालो. ऐकलंस का? पास झालो मी."

"कळलं हो," आई म्हणाली. "म्हणूनच रडतेय ना. आता रडायला हरकत नाही."